पहाऱ्याचे आठ बिट

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. चंद्रपूरचा पारा एकोणपन्नासावर जाऊन बसला होता. दुपारी दोनच्या सुमारास दादाराव उरकुडे पलंगावर पडल्या पडल्या फोनवर बोलत होते आणि त्यांची बायको कुमुद ओट्यापाशी कढीला फोडणी देत होती.

"सळईनं ठोकून पाह्य छताले," दादाराव खाणीतल्या एका पाळीवर देखरेख करणाऱ्या तरुण ओव्हरमनला सांगत होते. "ठण्ण आवाज आला तर बिनधास्त राह्य. भद्द आला तर माणसं..."

आवाज तिथेच तुटला. कुमुदने मान वळवली. मिनिटाला चौदा वेळा वर येणारी नवऱ्याची छाती वर आली नव्हती. हातातली पळी टाकून ती धावली. पलंगाच्या उशाला टांगलेला, हाताने दाबून श्वास द्यायचा रबरी फुगा तिच्या हातात आला, आणि तेवढ्यात छाती उचलली गेली.

"...बाहेर काढ लगेच," आवाजाने वाक्य पुरं केलं. फोन संपल्यावर दादारावांनी विचारलं, "काय झालं होतं? काहून धावलीस?"

"काही नाही. लाइट गेली असेल," कुमुद म्हणाली.

लाइट गेली नव्हती. उशाशी असलेल्या यंत्राचा हिरवा दिवा पिवळा झाला होता.

चार वर्षांपूर्वी, पहिली पाळी संपवून दादाराव कोळसा खाणीवरून घरी येत असताना एका ट्रकने त्यांची मोटरसायकल उडवली. मेंदू जिथे मणक्याला मिळतो नेमका तिथे मार बसला. मानेखालचं शरीर गेलं, जीभ गेली, स्वरयंत्र गेलं. डोळे, कान आणि डोकं मात्र शाबूत राहिलं. श्वास घ्यायचा हुकूम मेंदूतून निघायचा, पण छातीखालच्या पडद्यापर्यंत पोचायचाच नाही. पाच महिने ते व्हेंटिलेटरवर होते आणि तेवढ्या काळात तीनदा न्यूमोनिया झाला. "पुन्हा व्हेंटिलेटर लागला तर मी काही सांगू शकणार नाही," असं डॉक्टरांनी कुमुदला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

मग ते यंत्र आलं. दादारावांच्या कवटीखाली पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवली गेली आणि छातीत, पडद्याच्या मज्जातंतूवर, दोन बारीक तारा. मधली तुटलेली वाट यंत्राने भरून काढायची. त्याच्या आत दादारावांच्या मेंदूच्या देठाची एक गणिती प्रतिकृती अहोरात्र चालायची. रक्तात किती कार्बन डायऑक्साइड साठला आहे, माणूस झोपलाय की जागा आहे, रागावलाय की शांत, हे सगळं पाहून ती दर श्वासाला ठरवायची की तारांमधून किती जोराचा झटका सोडायचा. दुसरं काम आवाजाचं. बोलायचं मनात आलं की मेंदूत जी हालचाल होते ती जाळी टिपायची, यंत्र तिची अक्षरं करायचं आणि दादारावांच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओतून घेतलेल्या त्यांच्याच आवाजात ती ऐकवायचं. माणूस बोलतो तितक्याच भरभर.

त्या आवाजावर घर चालत होतं. मूलबाळ नव्हतं. कुमुद कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. ती घरी आली की दादाराव दिवसभराचं बोलणं उकरून काढायचे. पाळी बदलायच्या वेळेला खाणीवरची नवी पोरं त्यांना फोन करायची, आणि तीस वर्षं कोळशाच्या छताखाली काढलेला हा माणूस नुसत्या वर्णनावरून सांगायचा की कुठला खांब कमी पडतोय.

यंत्र बनवणारी कंपनी दीड वर्षापूर्वी बुडाली होती.

त्या संध्याकाळी बल्लारपूरहून दीपंकर रामटेके आला. कंपनी असताना तो तिचा या भागातला तंत्रज्ञ होता. आता मोबाइल दुरुस्त करायचा, पण जुन्या रुग्णांकडे बोलावलं की यायचा. त्याने लॅपटॉप जोडला, बराच वेळ आकडे पाहिले आणि कुमुदला खुणेने अंगणात बोलावलं.

"काकू, प्रोसेसर निकामी होत चाललाय. मागच्या महिन्यात दिवसाला दोन-तीन चुका होत होत्या, त्या आपोआप दुरुस्त व्हायच्या. काल चारशे झाल्या. आज दुपारी जी झाली ती दुरुस्त झाली नाही."

"किती दिवस?"

"चार. फार तर सहा."

"नवा?"

"तो प्रोसेसर कंपनीनं खास बनवून घेतला होता. आता कुणीच बनवत नाही. बाजारातला बसवावा लागेल." जगातल्या सगळ्या कारखान्यांचा माल आता मोठमोठ्या डेटा सेंटरच्या पोटात जात होता आणि घरगुती गिऱ्हाइकाला साध्या चिपसाठी वर्ष वर्ष थांबावं लागत होतं. पण दीपंकरने नागपूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराला आधीच फोन केला होता. "त्याच्याकडे दोन आहेत. एक सर्व्हरचा, म्हणजे डेटा सेंटरमधल्या मोठ्या कॉम्प्युटरचा, आणि एक घरगुती डेस्कटॉपचा. दोन्ही त्यांच्या त्यांच्या बोर्डासकट. उद्या दोन्ही आणतो. पण बसेल एकच. काकांच्या छातीशी आणि डोक्याशी बोलणारं कार्ड एकच आहे. ते ज्या बोर्डात, तिथंच श्वास आणि तिथंच आवाज."

"मग त्यात कठीण काय आहे? चांगला असेल तो बसव."

दीपंकरने कपाळावरचा घाम पुसला. "तेच तर आहे ना, काकू. चांगला कुठला ते श्वासाला विचारलं तर एक उत्तर, आवाजाला विचारलं तर दुसरं."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही बोर्ड पलंगासमोरच्या टेबलावर ठेवले आणि नवरा-बायको दोघांनाही नीट समजावून सांगितलं.

सर्व्हरचा प्रोसेसर तळहाताएवढा होता. त्याच्या पोटात अठ्ठेचाळीस गाभे, म्हणजे आपापलं गणित करणारे भाग, होते, पण प्रत्येकाची चाल धिमी. वर्षानुवर्षं एक क्षणही न थांबता चालायला तो बनवलेला. आणि त्याच्या मेमरीवर पहारा होता. मेमरीत सगळं शून्य आणि एकमध्ये, म्हणजे बिटांमध्ये, लिहिलेलं असतं. उष्णतेने किंवा अवकाशातून आलेल्या एखाद्या कणाने कधीतरी शून्याचा एक होतो. सर्व्हरच्या मेमरीत दर चौसष्ट बिटांमागे आठ बिट जास्तीचे असतात, नुसते राखणीला. एक बिट उलटला की ते आठ जण मिळून चोर पकडतात आणि त्याला जागच्या जागी सरळ करतात.

डेस्कटॉपचा प्रोसेसर त्याच्या निम्माही नव्हता. आठच गाभे, पण प्रत्येक तिप्पट वेगाचा. राखणीचे बिट मात्र त्याच्या बोर्डात नव्हते.

"श्वासाचं गणित तुकडे करून वाटता येतं," दीपंकर म्हणाला. "ते अठ्ठेचाळीस जणांत मजेत होतं. आवाजाचं तसं नाही. एक अक्षर ठरल्याशिवाय पुढचं ठरत नाही. शंभर पोळ्या करायला अठ्ठेचाळीस बाया बसवा, पटापट होतील. पण एकच पोळी अठ्ठेचाळीस जणींनी मिळून लवकर भाजता येत नाही. त्याला एकीचाच हात चपळ पाहिजे. सर्व्हर मागं पडतो, मेंदूतला संकेत निसटतो, मग तोच पुन्हा काढावा लागतो. एका शब्दाला चार-पाच मिनिटं लागतील."

"आवाजाचं काम इंटरनेटवरून बाहेर करून घेता येत नाही का?" कुमुदने विचारलं.

"मेंदूतले संकेत घराबाहेर पाठवायला कायद्यानं बंदी आहे. करायला कुणी तयार होणार नाही."

"आणि डेस्कटॉपमध्ये चूक झाली तर?" हे दादाराव.

"बहुतेक चुका निरुपद्रवी असतात, काका. एखादीच नेमकी श्वासाच्या आकड्यात होते. मग यंत्र स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होतं. चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ कुणीतरी फुगा दाबायचा."

"अशी चूक किती दिवसांनी होते?"

"वर्षभर होणार नाही. किंवा उद्याच होईल. खरं सांगतो, मला नाही माहीत."

दीपंकर हात धुवायला गेला तेव्हा दादाराव म्हणाले, "डेस्कटॉप."

"विचार तरी करा."

"केला. पाच मिनिटांत एक शब्द. त्या पोराला छत पडतंय हे सांगेपर्यंत छत पडून जाईल. आणि तुझ्याशी काय बोलू? 'मीठ जास्त झालं' म्हणेस्तोवर तू भांडी घासून मोकळी होशील."

"थट्टा नका करू. चार मिनिटं श्वास बंद. मी नळावर असले तर? झोपले असले तर?"

"तर मरीन, बाप्पा. मरायला तर चार वर्षांपूर्वीच निघालो होतो. कुमुद, ह्या पलंगावर माझं असं काय आहे? बोलणं आहे फक्त. ते काढून घेतलं तर उरतो नुसता भाता, लोहाराच्या भट्टीवरचा."

तिने डोळे पुसले. मग मान हलवली. "ठीक आहे. डेस्कटॉप."

चौथ्या दिवशी सकाळी दीपंकर हत्यारांची पेटी घेऊन आला. कुमुदने त्याला फाटकातच अडवलं.

"सर्व्हरवाला बसव."

"काकांनी स्वतः मला फोन करून सांगितलंय, काकू."

"त्यांना दिसणार नाही. यंत्र उशामागं आहे."

"बोलले की कळेल ना."

"कळू दे. तोवर बसलेला असेल." तिने फाटकाची कडी मुठीत घट्ट धरली होती. "दीपंकर, ते एकदा मरतील. मला रोज वाट पाहावी लागेल. तू रात्री तुझ्या घरी जाऊन झोपशील. बसव म्हणते ना."

तो खाली मान घालून आत गेला.

यंत्र बंद झालं तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. कुमुदने फुगा गळ्यातल्या नळीला जोडला आणि दाबायला सुरुवात केली. दाब, सोड. दाब, सोड. दादारावांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर होते. आवाज नव्हता, पण त्या डोळ्यांत भीतीही नव्हती. होता तो विश्वास, आणि तोच तिला सोसवेना. विसाव्या मिनिटाला तिच्या मनगटात कळ आली. दीपंकरने कार्ड काढलं, पुसलं आणि मोठ्या बोर्डात बसवलं. अडतिसाव्या मिनिटाला हिरवा दिवा लागला. छाती आपली आपण वर आली, खाली गेली. कुमुद जमिनीवरच बसली.

दादारावांनी बोलायला घेतलं. खोलीत शांतता होती. पंखा फिरत होता. मग यंत्रातून त्यांच्या आवाजात एकच अक्षर आलं, "झा..." आणि पुन्हा शांतता, आणि "...लं".

पुढचा शब्द यायच्या आधीच त्यांना कळलं. डोळे कुमुदवरून हलले आणि छताकडे गेले.

त्यानंतर ते बोलले नाहीत.

श्वास मात्र घड्याळासारखा चालला. कुमुद रोज आकडे पाहायची. एक चूक, दुरुस्त. दोन चुका, दुरुस्त. राखणीचे आठ बिट आपलं काम चोख करत होते. चार वर्षांत पहिल्यांदा ती सलग झोपली. सकाळी उठली आणि झोप लागली याचीच तिला शरम वाटली.

खाणीवरून फोन आले की ती सांगायची, "झोपलेत." आधी रोज, मग दिवसाआड. नंतर फोन यायचे थांबले. ती आंघोळ घालायची, नळीतून पेज द्यायची, कूस बदलायची. दादारावांचे डोळे उघडे असायचे आणि तिच्यातून आरपार पाहायचे. ती आर्जवं करून थकली. रागावली. एकदा तर ओरडली, "जिवंत ठेवलं हाच गुन्हा झाला का माझा?" पापणीसुद्धा लवली नाही.

मग कधीतरी, तिचं तिलाच कळलं नाही, ती दोघांचंही बोलायला लागली. चहा गाळताना म्हणायची, "आज फार ऊन आहे, नाही?" आणि स्वतःच जरा घोगऱ्या आवाजात उत्तर द्यायची, "मग, मे आहे बाप्पा." भाजी निवडताना कॉलेजातलं काही सांगायची आणि मग त्यांच्या ढंगात त्यांचं मतही सांगून टाकायची. त्यावर हसायची सुद्धा. शेजारीण एकदा दारात थबकली आणि आत न येताच परत गेली.

सतराव्या दिवशी दुपारी ती त्यांचे पाय चेपत होती. "बरं वाटतं ना?" तिने विचारलं, आणि लगेच त्यांच्या आवाजात, "हो, जरा वरती चेप."

"मा..." यंत्र म्हणालं.

तिचे हात थांबले.

पंखा फिरत राहिला. तिने घड्याळाकडे पाहिलं नाही. "...झ्या," आलं. मग पुष्कळ वेळाने, "वाट...चं." एक शब्द निसटला, पुन्हा आला. कढईतलं दूध उतू गेल्याचा वास आला, तरी ती उठली नाही. खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायावरून भिंतीवर गेलं तेव्हा वाक्य पुरं झालं.

"माझ्या वाटचं तू बोलू नको."

तिने त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. खूप रडली. त्या पायांना काही कळत नव्हतं. मग तोंड वर करून, जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते ती बोलली.

"तुम्ही मराल म्हणून केलं, हे निम्मंच खरं आहे. मला झोप हवी होती. मला कॉलेजात जायचं होतं, बाजारात जायचं होतं. डेस्कटॉप बसला तर ह्या पलंगापासून दहा पावलांपलीकडे मला कधीच जाता येणार नाही, हे दिसत होतं मला. तुम्ही 'मरीन' म्हणालात आणि मोकळे झालात. मी काय करीन, ते तुम्ही विचारलंच नाही."

दादारावांचे डोळे, सतरा दिवसांत पहिल्यांदा, तिच्यावर आले आणि तिथेच राहिले. संध्याकाळ व्हायला आली तरी ते एकेक शब्द काढत होते.

"चुकलं. माझंही. आता तू ठरव. मला डेस्कटॉपच हवा. पण तू हो म्हटलं तरच."

तिने तीन दिवस घेतले. मोजून पाहिलं, पलंगापासून न्हाणीपर्यंत किती पावलं, फाटकापर्यंत किती. न्हाणीचं दार काढून टाकावं लागेल. नोकरी सोडावी लागेल. झोपताना मनगटाला यंत्राशी जोडलेला गजर बांधावा लागेल. तिसऱ्या दिवशी ती पलंगाशी येऊन म्हणाली, "हो. पण भीती वाटते, आणि ती वाटतच राहणार. रोज सांगीन. ऐकून घ्यावं लागेल." त्यांनी डोळे मिटून उघडले.

दीपंकर आला. पुन्हा फुगा, पुन्हा मनगटातली कळ. या वेळी छोटा बोर्ड बसला. हिरवा दिवा लागला आणि श्वासासोबतच आवाज आला, धबधब्यासारखा.

"लबाड बाई! वीस दिवस! अन् माझा आवाज काढत होतीस तो असा? मी काय असा बोलतो? गायीसारखा?" ते पाव तास तिला झापत होते. ती भिंतीला टेकून रडत होती आणि मध्येच उलट उत्तरं देत होती. दीपंकर हत्यारं भरायचं विसरून उभा होता.

पहिली चूक ऑगस्टमध्ये झाली. कुमुद ओट्यापाशी होती. तिने चार मिनिटं फुगा दाबला, यंत्र परतलं, दादाराव म्हणाले, "घाबरलीस?" ती म्हणाली, "हो." ते म्हणाले, "मीही." दुसरी ऑक्टोबरात, पहाटे. मनगटावरच्या गजराने ती उठली, पण फुगा अंधारात सापडायला वेळ लागला, आणि नंतर दोन दिवस दादारावांना शब्द आठवेनात. त्या दोन दिवसांत तिने कपाटातून सर्व्हरचा बोर्ड काढला, मांडीवर घेतला आणि विचारलं, "बसवू का?" तेव्हाही ते अडखळत "नको" म्हणाले आणि तिने तो परत ठेवला. मन घट्ट करून नव्हे. रडत, शिव्या घालत ठेवला.

दरम्यान फोन सुरू झाले होते. सप्टेंबरात एका पाळीची अकरा माणसं त्यांनी फोनवरून बाहेर काढली. छत पडलंच नाही. ओव्हरमनला वरून बोलणी बसली. दादाराव त्याला म्हणाले, "बोलणी खाल्ली ना? खायला तोंड आहे, यातच सगळं आलं."

तिसरी चूक डिसेंबरात, सकाळी साडेअकराला. दारातलं कडुलिंबाचं झाड तोडावं की नुसतं छाटावं यावर दोघांचं भांडण चाललं होतं. "छाट," दादाराव म्हणाले, "तोडलंस तर..." आणि थांबले. फुगा तिच्या हाताशीच होता. दोन सेकंदही गेले नसतील. ती दाबत राहिली, मोजत राहिली. चार मिनिटांनी यंत्र परतलं आणि छातीला त्याने बरोबर झटका दिला. छाती वर आली. पण ऑक्टोबरच्या त्या पहाटेपासून कमजोर झालेल्या हृदयाने तेवढी वाट पाहिली नव्हती. यंत्र त्यांना श्वास देत राहिलं, मिनिटाला चौदा, बिनचूक. अखेर दीपंकरने येऊन वायर काढली.

फेब्रुवारीत तिला उमरेडहून नसरीन शेख नावाच्या बाईचा फोन आला. तिच्या भावाकडे तेच यंत्र होतं आणि त्याचा हिरवा दिवा पिवळा झाला होता. दीपंकरने नंबर दिला होता.

"दोन्ही प्रोसेसर तुमच्याकडे आहेत म्हणाले," नसरीन म्हणाली. "ताई, कुठला बसवू? तुम्ही दोन्ही वापरलेत. तुम्ही सांगा, मी तसं करते."

कुमुदसमोर दोन्ही बोर्ड होते, जुन्या साडीत गुंडाळलेले. मोठाच ठेवला असता तर दादाराव आजही त्या पलंगावर असते. हे ती रोज स्वतःशी म्हणायची, आणि रोज ते खरंच असायचं.

"भाऊ अजून बोलतो का?" तिने विचारलं.

"थोडं. अडकत अडकत. दुपारपासून काहीतरी सांगतोय, पण फार वेळ लावतो."

"दोन्ही घेऊन उद्या सकाळच्या बसनं मी येते. तोवर फोन ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत उठू नका. मग तुम्हाला काय हवंय ते त्याला सांगा. सगळं सांगा, लाज वाटेल तेही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.